नफ्याचा स्क्रीनशॉट नको, ताळेबंद वाचलेला दाखवा

महोदय,

करिअरविषयक सदरांमधून हल्ली वाणिज्य शाखेच्या मुलांना ‘ऑनलाइन पोर्टफोलिओ तयार करा’ असे सांगितले जाते. सल्ला चांगला आहे, पण अर्धवट आहे. सांगलीत माझी सनदी लेखापाल म्हणून प्रॅक्टिस आहे. आर्टिकलशिपसाठी (सीए होण्याआधीच्या सक्तीच्या प्रशिक्षणासाठी) आणि नोकरीसाठी येणाऱ्या अर्जांत आता बायोडेटाबरोबर एक लिंकही असते. ती उघडावी तर प्रमाणपत्रांची रांग, ‘मला फायनान्सची आवड आहे’ असा परिच्छेद आणि अधूनमधून ट्रेडिंग अ‍ॅपवरच्या नफ्याचा स्क्रीनशॉट. तोट्याचा स्क्रीनशॉट अजून कोणी लावलेला पाहिला नाही.

चित्रकार आपली चित्रे लावू शकतो. आमच्या धंद्यात केलेले काम आपले नसतेच, ते क्लायंटचे असते. सनदी लेखापाल कायदा, १९४९ च्या दुसऱ्या अनुसूचीनुसार क्लायंटची माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करणे हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे, आणि आर्टिकलच्या, म्हणजे प्रशिक्षणार्थीच्या, हातून घडले तरी निस्तरावे लागते सही करणाऱ्याला. एका उमेदवाराने आपल्या आधीच्या ऑफिसमधले जीएसटीचे रिकन्सिलिएशन, म्हणजे हिशेबाची जुळवणी, नमुना म्हणून लावले होते. व्यापाऱ्याचे नाव काळजीपूर्वक खोडलेले, जीएसटी क्रमांक मात्र तसाच! त्या १५ अक्षरी क्रमांकात तिसऱ्यापासून बाराव्या अक्षरापर्यंत पॅन असतो आणि जीएसटी पोर्टलवर तो क्रमांक टाकला की व्यापाऱ्याचे नावच समोर येते. मुलगा हुशार होता, पण त्याच्या हाती माझ्या क्लायंटच्या फायली देण्याचा धीर मला झाला नाही.

मग दाखवायचे काय? जे जाहीर आहे ते वाचून दाखवा. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल बीएसईच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. आमच्या भागातल्या मुलांना मी साखर सुचवते, कारण उसाची बिले घरात येतात, म्हणजे धंद्याची निम्मी समज आधीच असते. नोंदणीकृत कार्यालय सांगलीत असलेली उगार शुगर वर्क्स घ्या, किंवा दुसरी कोणतीही. गळीत हंगाम संपत येतो तेव्हा ३१ मार्च उजाडतो. गोदामे भरलेली, त्या साखरेवर बँकेचे मालतारण कर्ज घेतलेले आणि शेतकऱ्यांची काही बिले द्यायची राहिलेली. त्या एका तारखेचा ताळेबंद पाहून ‘कंपनी कर्जात बुडाली आहे’ असे लिहिणारे पुष्कळ भेटतात. सहामाही निकालांसोबत ३० सप्टेंबरची मालमत्ता आणि देणीही जाहीर होतात. ती शेजारी मांडून साठा किती उतरला, कर्ज किती फिटले आणि एफआरपी (कारखान्याने उसाला द्यायचा सरकारने ठरवलेला किमान दर) वाढली पण साखरेचा भाव तेवढा वाढला नाही तर खेळत्या भांडवलाचे, म्हणजे रोजच्या व्यवहाराला लागणाऱ्या पैशाचे, काय होते, हे जो दोन पानांत सांगेल त्याला मी प्रमाणपत्र विचारणार नाही. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) उसाच्या क्विंटलमागे ३५५ रुपये आहे, आदल्या हंगामात ती ३४० होती. एवढ्या एका बदलाचा हिशेब मांडला तरी मुलाखतीत अर्धा तास बोलता येते.

सोबत एक्सेलची फाइल जोडावी, पीडीएफ नव्हे. सूत्रे उघडी असावीत, गृहीतके वेगळ्या शीटवर असावीत आणि प्रत्येक आकडा अहवालाच्या कोणत्या पानावरून घेतला ते शेजारी लिहावे. आम्ही फाइल उघडल्यावर आधी हेच बघतो. वेबसाइटवर पैसे घालवू नका, गुगल साइट्सवरचे फुकटचे एक पान पुरते. लिंक उघडताना परवानगी मागत नाही ना, एवढे मात्र मित्राच्या मोबाइलवर तपासून घ्या.

दोन ठिकाणी जपावे. ‘हा शेअर घ्या, टार्गेट इतके’ असे लिहू नये. असे सल्ले शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या २०१४ च्या संशोधन विश्लेषक नियमांच्या कक्षेत जाऊ शकतात, आणि नोकरी देणाऱ्यालाही त्यातून उतावीळपणाच दिसतो. दुसरे म्हणजे गावातल्या पतसंस्थेचा अहवाल घरी आला म्हणून तिच्या थकबाकीवर जाहीर टिप्पणी करू नये. अभ्यास जरूर करावा, पण वहीत. अर्धवट वाचलेल्या आकड्यावरून ठेवीदारांची रांग लागायला आमच्याकडे वेळ लागत नाही.

महाविद्यालयांकडे एक मागणी आहे. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट रिपोर्ट बाइंडिंग करून कपाटात जातो, आणि तो कुठल्या दुकानात तयार मिळतो हे सगळ्यांना ठाऊक असते. त्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळी कंपनी द्यावी, एक्सेलसह काम ऑनलाइन ठेवायला लावावे आणि तोंडी परीक्षा ती फाइल उघडून घ्यावी. मग अर्जासोबत कोणती लिंक पाठवायची, हा प्रश्नच उरणार नाही.

— एक सनदी लेखापाल, सांगली
(नाव व पत्ता संपादकांकडे)