डोकं ठणकतं त्या दिवशी घरून काम करू द्या

महोदय,

गेल्या महिन्यापासून आमच्या ऑफिसात पाचही दिवस हजर राहण्याची सक्ती झाली. तिथे सांगून पाहिलं, उपयोग झाला नाही, म्हणून आपल्याला लिहिते आहे. मी धायरीला राहते आणि हिंजवडीच्या एका कंपनीत अकाउंट्सचं काम करते. वय ४३. अर्धशिशी एकोणिसाव्या वर्षी सुरू झाली.

आधी डोळ्यांसमोर चमकती नागमोडी रेघ येते. बिलावरचा आकडा अर्धाच दिसतो. वीसेक मिनिटांत डावं कानशील ठणकायला लागतं, मळमळतं, शेजारच्या टेबलावर उघडलेल्या डब्याचा वासही सोसत नाही. घरी असले तर लगेच गोळी घेते, पडदे ओढते, दोन-अडीच तास अंधारात पडून राहते आणि उठून कामाला बसते. राहिलेलं काम रात्री दहापर्यंत संपतं. ऑफिसात पडायला जागा नाही, डोक्यावर पांढरे दिवे, आणि घरी नेणारी बस संध्याकाळी साडेसहाला. मग बसून राहता यावं म्हणून दुसरी गोळी घ्यायची.

याच दुसऱ्या गोळीनं माझं नुकसान केलं. २०१९ च्या दिवाळीनंतर न्यूरॉलॉजिस्टनी मला वही ठेवायला लावली. दोन-तीन महिन्यांच्या नोंदी पाहून ते म्हणाले की साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ दिवस, किंवा ट्रिप्टान (खास अर्धशिशीवरची गोळी) आणि मिश्र औषधांच्या गोळ्या १० दिवस लागू लागल्या आणि असं तीन महिन्यांहून जास्त चाललं, तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखत राहतं. फेब्रुवारी २०२० मध्ये माझे गोळीचे दिवस १८ होते. कमी करा, हे त्यांना सांगणं सोपं होतं. गोळी न घेता त्या खुर्चीवर बसायचं कसं, हे मला कळत नव्हतं.

मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि ते जमलं. गोळ्या बंद केल्यावरचे पहिले दहा दिवस फार वाईट गेले, पण मी माझ्या अंथरुणावर होते. ऑक्टोबरमध्ये वहीत गोळीचे सहा दिवस आहेत. रोज रात्रीचं प्रतिबंधक औषध चालू होतं, त्याचाही वाटा आहेच. अर्धशिशी गेली नाही. पण घरून काम केलं त्या सगळ्या काळात २० तारखेचं जीएसटी रिटर्न एकदाही माझ्यामुळे अडलं नाही.

गेल्या महिन्यात १८ तारखेला ऑफिसात डोकं उठलं. दोन गोळ्या घेतल्या, दिवा बंद करून बाथरूममध्ये वीस मिनिटं बसले आणि परत येऊन एका पुरवठादाराचं क्रेडिट दुसऱ्याच्या खात्यात टाकलं. ती चूक शोधण्यात दुसरा अख्खा दिवस गेला. गोळीचे दिवस पुन्हा अकरावर आले आहेत.

मला कायमचं घरून काम नको. सकाळी ठणका असेल तर आठच्या आत कळवून त्या दिवसापुरतं घरून, तासांची अदलाबदल करून काम करू द्यावं. महिन्यात असे चार-पाच दिवस येतात. यावर उत्तर मिळालं की दर वेळी डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणा. मायग्रेनचं निदान रुग्णाच्या सांगण्यावरून होतं, माझा एमआरआय नॉर्मल आहे. उलटी होत असताना दवाखान्याच्या रांगेत उभं राहून डॉक्टर नवं काय लिहून देणार? वर्षातून एकदा न्यूरॉलॉजिस्टचं पत्र पुरेसं मानावं.

२०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्यात, बाळंतपणाच्या रजेनंतर दोघांच्या संमतीनं घरून काम करण्याची तरतूद आली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यांत मायग्रेनचं नाव नाही. त्यामुळे आमच्यासारख्यांचं सगळं वरिष्ठांच्या स्वभावावर अवलंबून राहतं. आधीच्या साहेबांची आई अर्धशिशीची होती, म्हणून त्यांना समजवावं लागलं नाही. ते बदलून गेले.

माझ्या धाकट्या बहिणीलाही हाच त्रास आहे. ती बँकेच्या काउंटरवर बसते, तिला घरून काम शक्यच नाही. त्यांच्या शाखेत जुनी रजिस्टरं ठेवायची बिनखिडकीची खोली आहे. तिथे एक खाट टाकावी, एवढंच तिचं मागणं आहे. दोन वर्षं झाली, अजून खाट आलेली नाही.

(कृपया नाव छापू नये.)

एक वाचक, धायरी, पुणे