निरांजन का लावलं नव्हतं

॥ श्री ॥
सांताक्रूझ, कॅलिफोर्निया
२० सप्टेंबर २०२०

ती. सौ. आई आणि ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

आई, रोज फोन होतो तरी आज लिहायला बसले आहे, कारण गेला महिनाभर फोनवर मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली. गणपतीच्या दिवशी व्हिडिओवर तू विचारलंस, "निरांजन कुठाय गं? आणि मागे हे कुठले पडदे?" मी म्हटलं, यंदा बेडरूममध्ये बसवलाय, छोटूला धूर सोसत नाही. धुराचं खरं होतं. ती बेडरूम मात्र आपली नव्हती. डोंगरात वणवा लागल्यामुळे आम्ही सॅन होझेच्या एका मोटेलमध्ये होतो, घर सोडून दोन दिवस झाले होते आणि घर उभं आहे की नाही हेही माहीत नव्हतं.

हे मी कदाचित कधीच सांगितलं नसतं. पण काल पुण्याहून दादाचा फोन आला आणि त्याच्या तोंडून निसटलं की ऑगस्टमध्ये बाबांना कोरोना झाला होता. मागच्या खोलीत बाबा एकटे, दाराबाहेर स्टुलावर तू ताट ठेवायचीस, आणि मला सांगायचीस, "बाबा झोपलेत", "बाबा पूजेला बसलेत". रात्रभर डोळा लागला नाही. आधी तुझा खूप राग आला. मग वाटलं, मी कोणत्या तोंडाने रागावू? तू मला आगीत घोर नको म्हणून लपवलंस, मी तुम्हाला साथीत घोर नको म्हणून. तर मी आता सगळं लिहिते. वाचून झालं की दादा-वहिनीलाही पाठव, त्यांनाही अर्धंच माहीत आहे.

१६ ऑगस्टच्या पहाटे विजांनी जाग आली. विजा कडाडल्या की तू गच्चीवरचं वाळवण उचलायला धावतेस ना, तशी मीही धावत जाऊन बाहेरचे कपडे आत आणले. पण पाऊस आलाच नाही. चार थेंब पडले असतील, तेही हवेतच विरले. इथे उन्हाळ्यात पाऊस नसतोच. मे ते ऑक्टोबर डोंगर नुसते वाळत असतात, आणि त्यात त्या आठवड्यात अशी उष्णता की डेथ व्हॅलीत त्याच दिवशी ५४.४ अंश नोंदले गेले. दोन दिवस आधी विजेची मागणी पेलवेना म्हणून राज्यात आळीपाळीने वीज बंद केली होती. अशा कोरड्या रानावर तीन-चार दिवसांत दहा हजारांहून जास्त विजा पडल्या आणि शेकडो ठिकाणी एकदम आगी लागल्या. आमच्या डोंगरात लागलेल्या लहान लहान आगी पुढे वाऱ्याने एक झाल्या.

एवढ्या ठिकाणी एकदम पेटल्यावर माणसं पुरणार कशी? इथे आग विझवायला तुरुंगातल्या कैद्यांच्याही तुकड्या जातात, हे मला इतकी वर्षं राहून यंदा कळलं. तुरुंगांत कोरोना पसरला, काही कैद्यांना मुदतीआधी सोडलं, काहींचं विलगीकरण झालं, आणि नेमक्या गरजेच्या वेळी त्या तुकड्या अपुऱ्या पडल्या. साथीने आगीला अशी वाट करून दिली.

२० तारखेला फोनवर तो कर्कश इशारा वाजला: ताबडतोब निघा. पासपोर्ट, औषधं, छोटूचा इन्हेलर, चार एन-९५ मास्क आणि देवघरातला पितळेचा गणपती, एवढंच घेतलं. बाबा, तुम्ही बांधून दिलेली जुन्या फोटोंची पेटी राहिली. तुझी माहेश्वरी साडीही राहिली. दाराला कुलूप लावलं आणि शेजारच्या आजींकडे बघितलं.

त्या आजी तुम्हाला आठवतील. २०१७ मध्ये तुम्ही आला होतात तेव्हा रोज लिंबं आणून द्यायच्या. आता ब्याऐंशीच्या आहेत, एकट्या राहतात, रात्री गाडी चालवत नाहीत. मार्चपासून आम्ही त्यांच्याशी सहा फूट लांबूनच बोलत होतो. वाणसामान ओट्यावर ठेवायचं, घंटी वाजवायची आणि मागे सरकायचं. पाच महिने एवढं जपलेलं माणूस, आणि आता त्यांना आमच्याच गाडीत घ्यायचं, दारंखिडक्या बंद करून! आमच्यापैकी कोणाला काही असलं तर? तुझे जावई त्या आठवड्यात दोनदा दुकानात जाऊन आले होते. पण विचार करायला वेळच नव्हता. त्या हातात मांजराची पेटी घेऊन अंगणात उभ्या होत्या आणि त्यांच्या पांढऱ्या केसांवर राख पडत होती.

आई, गाडीत एक बटण असतं. बाहेरची हवा आत घ्यायची की आतलीच फिरवायची, ते त्यावर ठरतं. धुरासाठी आतलीच फिरवायची. कोरोनासाठी बाहेरची घ्यायची आणि खिडकीही उघडायची. मी मागे आजींच्या शेजारी छोटूला मांडीवर घेऊन बसले होते. हायवे १७ वर गाड्यांची रांग, समोरच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसत होते. मी दोन बोटं खिडकी उघडली. राखेचे पापुद्रे आत आले आणि छोटू खोकायला लागला. बंद केली. मग आजी खोकल्या. पुन्हा उघडली. दीड तास मी हेच करत होते. आजींना मी आमच्या चारांतला एक एन-९५ दिला. माझ्या तोंडाला तुझ्या जुन्या सुती ओढणीचा शिवलेला मास्क होता. तो माझ्या तोंडातलं फारसं बाहेर जाऊ देत नाही, पण धूर त्यातून सरळ आत येतो. तेव्हा मला तेच बरं वाटलं. माझ्यापासून निदान त्यांना काही होऊ नये.

चारच मास्क का होते, तेही सांगते. २०१८ च्या नोव्हेंबरात उत्तरेकडे पॅराडाइज गाव जळालं, ८५ माणसं गेली, तेव्हा इथवर धूर आला होता. त्या वेळी एक खोका आणून ठेवला होता. मार्चमध्ये दवाखान्यांत मास्कचा तुटवडा पडला तेव्हा समोरच्या नर्सबाईंना मी जवळजवळ सगळा खोका देऊन टाकला. आजही देईन.

आजींची भाची सॅन होझेला राहते, तिच्याकडे त्यांना सोडलं. नंतरचे चौदा दिवस मी रोज सकाळी तिला फोन करून एकच विचारायची, ताप नाही ना? पंधराव्या दिवशी आजी स्वतः फोनवर आल्या तेव्हा मला बोलताच येईना. आता तुझ्याबद्दल कळल्यावर वाटतं, बाबांच्या खोलीबाहेर तूही रोज हेच विचारत असशील.

आमच्यासारखे सत्तर हजारांहून जास्त लोक त्या आगीमुळे घराबाहेर पडले होते. निवारा केंद्रांत अंतर ठेवायचं म्हणून कमी माणसं घेत होते, दारात ताप मोजत होते, कितीतरी कुटुंबं गाडीत आणि तंबूत झोपली. फ्रीमाँटच्या मैत्रिणीने खूप आग्रह केला. ती देवासची, तिची आई फेब्रुवारीत आली आणि विमानं बंद झाल्यावर इथेच अडकली. पंच्याहत्तरीच्या बाईच्या घरात आम्ही कसं जायचं? नको म्हटलं. ती तरी मोटेलच्या दाराशी डबा ठेवून गेली. पोहे होते, वर शेव आणि जीरावन मसाला. आपल्या इंदूरचा वास आला आणि मी दार लावून रडले.

२२ तारखेला गणपती. मोटेलच्या टेबलावर टॉवेल अंथरला, पितळेचा गणपती ठेवला, गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य दाखवला. काडी ओढायला गेले आणि हात उचललाच गेला नाही. छतावर धूर टिपणारं यंत्र होतं ते एक, छोटूचा दमा दुसरं. पण खरं कारण वेगळं होतं. त्या दिवशी मला ज्योत बघवलीच नसती. जन्मात पहिल्यांदा निरांजनाशिवाय आरती केली, नुसत्या टाळ्या वाजवून. आणि नेमकं त्याच दिवशी तू फोन फिरवून आपल्या लोकमान्यनगरातला पाऊस दाखवत होतीस. रात्रभर कोसळून इंदूर तुंबलं होतं, तू त्रासून म्हणालीस, "पुरे झाला आता." मी त्या पडद्यावरच्या पागोळ्यांकडे बघत राहिले. यातली एक सर इकडे यायला काय हरकत होती?

त्याच्या दोनच दिवस आधी इंदूर चौथ्यांदा देशात सर्वांत स्वच्छ शहर ठरलं होतं. बाबा ते मला सांगायला कसे आले नाहीत, याचं मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं.

ऑगस्ट संपता संपता परतायची परवानगी मिळाली. घर वाचलं, फोटो वाचले, साडी वाचली. डोंगरात पलीकडे मात्र दीड हजाराच्या आसपास घरं-इमारती गेल्या, ८६ हजार एकरांवर रान जळालं. बाबा, बिग बेसिन जळालं. १९०२ सालचं ते उद्यान, या राज्यातलं पहिलं. तुम्ही त्या रेडवुडच्या खोडाला दोन्ही हात पसरून टेकला होतात, ती जागा. तिथली कचेरी राख झाली. पण जुनी झाडं बहुतेक उभी आहेत. त्यांची साल फूटभर जाड असते, आग चाटून जाते पण गाभ्यापर्यंत सहज पोचत नाही. तुमचं झाड कोणतं ते ओळखता येणार नाही, तरी वाट उघडली की बघून येईन.

घरी आलो तरी धूर होताच. खरी कसोटी आता होती. पाच महिने सगळे सांगत होते, घरात हवा खेळती ठेवा, मुलांना बाहेर मोकळ्यात खेळू द्या, कुणाला भेटायचं तर उघड्यावर भेटा. आता सांगू लागले, खिडक्या लावा, फटींत ओले टॉवेल कोंबा, बाहेर पडू नका. दोन्ही सांगणारे बरोबरच होते. छोटूला मित्र नव्हते, शाळा पडद्यावर होती, एक अंगण उरलं होतं, तेही गेलं. एके दिवशी त्याने विचारलं, "आई, आज कुठली हवा वाईट आहे, माणसांची की झाडांची?"

त्याला खोकला आला की पोटात गोळा यायचा. धुराचा की दुसरा? चाचणी करायला निघालो तर केंद्र धुरामुळेच बंद. कोरोनात वास जातो म्हणतात, म्हणून मग मी एक करायला लागले. तू दिलेली हिंगाची डबी रोज सकाळी उघडून आधी स्वतः हुंगायची, मग छोटूच्या नाकाशी धरायची. त्याने "ईऽऽ" केलं की माझा दिवस सुरू. तीन आठवडे झाले, अजून रोज हुंगतो.

तुझ्या जावयांनी एक चौकोनी पंखा आणला, त्याच्या पाठीला वीस इंची जाळीदार गाळणी चिकटपट्टीने बसवली. धुराचा कण केसाच्या तिसाव्या भागाहूनही बारीक असतो म्हणतात, फडक्यातून तो निसटतो, या गाळणीत अडकतो. बसवली तेव्हा ती पांढरीशुभ्र होती. तीन आठवड्यांनी काढली तर चहाच्या गाळण्यासारखी तपकिरी. मी ती छोटूला दाखवली नाही. जावयांना म्हटलं, हे आपल्या छातीत गेलं असतं. ते काहीच बोलले नाहीत, नवी बसवली.

९ सप्टेंबरचा फोटो मी पाठवला होता. तू म्हणालीस, रंग भरलाय. नाही गं, एवढंही केलं नव्हतं. सकाळी दहा वाजता बाहेर अंधार आणि आकाश गाजराच्या हलव्यासारखं केशरी. रस्त्यावरचे दिवे पेटलेले. वर धुराचा थर, खाली समुद्राचं धुकं, त्यातून फक्त तांबडा उजेड झिरपत होता. पक्षी गप्प. त्या दिवशी सगळ्यांत जास्त भीती वाटली, पण खाली हवा म्हणावी तशी वाईट नव्हती, धूर वरच तरंगत होता. दोन दिवसांनी आकाश पांढुरकं, साधं दिसायला लागलं तेव्हा तो खाली उतरला आणि हवेच्या प्रदूषणाचा आकडा दोनशेच्या वर गेला. बाहेर बघून काही कळत नव्हतं, आकडाच बघावा लागत होता. बाबांना दम लागत नसताना तू दर चार तासांनी बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावत होतीस म्हणे, ते किती बरोबर होतं हे मला इथे पटलं.

एक मनाला लागलेलं सांगते. आम्ही खिडक्या लावून आत बसलो होतो, आणि सलिनासच्या बाजूला शेतमजूर त्याच धुरात वाकून भाजी तोडत होते. त्यांच्यात कोरोनाही जास्त. ती भाजी माझ्या फ्रिजमध्ये येते. दार लावून आत बसता येणं हीसुद्धा सगळ्यांना मिळणारी गोष्ट नाही.

शेजारच्या सॅन फ्रान्सिस्को परिसरात १८ ऑगस्टपासून सलग ३० दिवस खराब हवेचा इशारा होता. परवा-तेरवा तो उठला. शुक्रवारी सकाळी निळं आकाश दिसलं आणि मी घराच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. शेजारच्या आजी कुंपणापलीकडे उभ्या होत्या. सहा फूट, पण खुर्च्या टाकून तासभर बोललो.

आता अधिक महिना लागलाय. तू जावयांना अनारसे देता येत नाहीत म्हणून हळहळत होतीस. मी तांदूळ भिजवलेत. तुझ्या वतीने तेहतीस करीन आणि तुझ्या वतीनेच वाण देईन. तळताना धूर होईल, पण पंखा आहे. आणि त्याआधी निरांजन लावीन, तेव्हा व्हिडिओ सुरू ठेव.

बाबांना उद्या फोनवर स्वतः बोलायला सांग, त्यांचा आवाज ऐकायचाय. त्यांचा ऑक्सिजन रोज किती आहे ते मला तसंच्या तसं कळव, कमी असला तरी. मी इथल्या हवेचा आकडा कळवीन, वाईट असला तरी. पीठ गुळात कालवल्यावर किती दिवस मुरवायचं, तेही सांग. मी तीन धरलेत.

तुझी,
छोटी