आईच्या डब्यांची वही

चि. ताई,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, वर्गात कुणी क्लाउड करतंय, कुणी एआय, आणि मी अजून पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेतल्या लूपमध्येच, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायला सांगण्याच्या धड्यातच. तुझा आवाज पडलेला होता. रात्रपाळीत माझं मन लागलं नाही.

आयटीआयला टर्नर ट्रेड घेतला तेव्हा सुरुवातीला हातात कानसच होती. लोखंडाचा तुकडा घासायचा, गुण्या लावून उजेडाला धरायचा, फट दिसली की पुन्हा घासायचा. लेथ कधी देणार म्हणून मी चिडायचो. पुढे कारखान्यात सीएनसी आलं, म्हणजे कॉम्प्युटरवर लिहिलेल्या आज्ञांनी चालणारं मशीन. बटणं सगळ्यांना लवकर जमली, पण कुठल्या धातूला किती फीड द्यायचा, म्हणजे टूल किती वेगाने पुढे सरकवायचं, हे ज्यांच्या हातात बसलं होतं त्यांचेच जॉब, म्हणजे घडवलेले भाग, पास व्हायचे. पहिल्याच महिन्यात मी मशीनच्या आज्ञांत जी०१ च्या जागी जी०० लिहिलं. जी०१ कापत जातं, जी०० मोकळ्या जागेत सुसाट धावतं. टूल जॉबवर आदळून तुटलं. पाय लटपटत होते माझे. त्या रात्री ती चूक वहीत लिहिली, आणि तेव्हापासून प्रत्येक चूक लिहीत आलो.

दिवाळीत तुझ्या स्क्रीनवर लाल अक्षरं आली की तू घाईने पुसायचीस. नको पुसूस. तूच दाखवलं होतंस, पायथॉनमध्ये काय चुकलं ते शेवटच्या ओळीत असतं. तिथून वर वाचत जा.

आता एक काम सांगतो. आईचे २२ डबे जातात. खाडे, उधारी, अर्धे दिलेले पैसे, सगळं वहीत. हिशेब चुकला की बिचारी पदरचे घालते. तो हिशेब तू कॉम्प्युटरवर आण. आमच्या स्टोअरचं सॉफ्टवेअर बघणाऱ्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, तक्त्यांत ठेवलेली माहिती हाताळायची भाषा, एसक्यूएल, १९७० च्या दशकातली आहे आणि आजही तिच्यावाचून चालत नाही. ती वापरून तक्ते ठेवायचं एसक्यूलाइट फुकट मिळतं, वेगळा सर्व्हर लागत नाही. गिऱ्हाइकं, डबे, पैसे असे तीन तक्ते. मधेच दर वाढला तर मागचा हिशेब बदलता कामा नये, हे कसं करशील? आईला विचारून ठरव. झालं की गिटहबवर, म्हणजे लोक आपला कोड ठेवतात त्या वेबसाइटवर, ठेव, मात्र लोकांची खरी नावं आणि नंबर काढून.

करता करता बघ, तक्ते जुळवताना रमतेस, की आईला वापरायला सोपी स्क्रीन करताना, की चुका शोधताना. कुठल्या वाटेने जायचं ते मग ठरवू. कोर्सची फी भरायची घाई आत्ता नको.

मे महिन्यात येताना लॅपटॉप आण. आईने या महिन्याची वही आत्ताच बाजूला काढून ठेवली आहे.

तुझे बाबा