सही करण्याआधी हे वाच

होटगी रोड, सोलापूर

प्रिय सचिन,

तुझं ऑफर लेटर वाचलं. किंग एअर बी-200 या दोन इंजिनांच्या छोट्या विमानावर को-पायलट, महिना 60 हजार, आणि शेवटी ‘फ्लाइंग भरपूर मिळेल’. या शेवटच्या वाक्यापायीच पोरं बाकीच्या अटी न वाचता सही करतात. ते बाजूला ठेव आणि उरलेलं मोज.

हिशेब उड्डाणाच्या तासावर करू नकोस, ड्यूटीच्या दिवसावर कर. महिन्याला 25 तास धरले तर तासाला 2,400 रुपये पडतात, ऐकायला बरं वाटतं. पण त्यांना तू 26 दिवस एका फोनवर हजर हवा आहेस, म्हणजे दिवसाला जेमतेम 2,300. कंपनीच्या मालकांना पुण्याहून इथं सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत यायचंय असं समज. सकाळी सातला निघायचं तर तू साडेपाचला लोहगावला, पुण्याच्या विमानतळावर. हवामान, नोटॅम (वैमानिकांसाठीच्या सूचना), फ्लाइट प्लॅन, एडीसी-एफआयसी नंबर (उड्डाणाच्या परवानगीचे), लोड अँड ट्रिम शीट (वजन आणि तोलाचा हिशेब), टाक्यांतून इंधनाचा नमुना काढून पाणी आहे का बघणं, इंजिनची कव्हरं आणि प्रोपेलरचे पट्टे काढणं, यातलं बहुतेक तुझ्याच गळ्यात. उड्डाण पाऊण तासाचं. मग होटगी रोडच्या विमानतळावर दिवसभर बसून राहायचं. मीटिंग लांबली की वॉच अवर्स, म्हणजे विमानतळ चालू असण्याची वेळ, संपायच्या आत मालकांना ‘निघूया’ म्हणायचं तेही तुम्हीच. लॉगबुकात दीड तास, ड्यूटी बारा तासांच्या पुढं.

म्हणून ठरलेला पगार वेगळा माग, आणि त्यावर दरमहा किमान काही तासांचा फ्लाइंग अलाउन्स, विमान उडो की हँगरमध्ये उभं राहो. एकच विमान असलेल्या कंपनीत हे फार महत्त्वाचं. मोठ्या तपासणीला ते आत गेलं की तुझी कमाई थांबते, घराचा हप्ता थांबत नाही. मुक्कामाचा भत्ता लिहून घे, आणि फोन बंद ठेवता येईल अशी आठवड्याची सुट्टीसुद्धा. नेमणूक ‘कन्सल्टंट’ म्हणून असेल तर 10 टक्के टीडीएस कापून पैसे येतील. पीएफ, भरपगारी रजा, लायसन्स गेल्यास मिळणारा विमा यातलं काही गृहीत धरू नकोस. मग तेवढी रक्कम वाढवूनच माग.

अनुभवाचं बघू. तुझे इन्स्ट्रक्टरचे तास चांगले आहेत, पण ते सिंगल इंजिनवरचे. इथं ट्विन टर्बाइनचे तास मिळतील, त्यांना पुढं किंमत आहे, हे मी नाकारत नाही. मात्र डाव्या सीटवर कमांडर असताना ‘पीआयसी लिहून देऊ’, म्हणजे मुख्य वैमानिक तूच होतास अशी नोंद देऊ, असं कुणी म्हणालं तर तिथूनच परत फिर. बी-200 एका वैमानिकालाही चालवता येतं, त्यामुळे कंपनीच्या ऑपरेशन्स मॅन्युअलमध्ये (उड्डाणाच्या नियमपुस्तकात) दोन वैमानिक सक्तीचे आहेत का ते आधी बघ. नसतील तर उजव्या सीटवरचे तास पुढं ई-जीसीए (डीजीसीए या सरकारी नियामकाची ऑनलाइन नोंद) किंवा एटीपीएल या वरच्या लायसन्सच्या 1,500 तासांच्या हिशेबात अडकू शकतात. आणि लँडिंग कोण करणार ते विचार. 90 दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग हा रिसेन्सीचा, म्हणजे सराव ताजा ठेवण्याचा नियम आहे. कमांडर कंट्रोलच देत नसेल तर नुसते तास वाढतात, हात बसत नाही.

बॉन्डचं, म्हणजे मुदतीआधी नोकरी सोडल्यास पैसे भरण्याच्या अटीचं पान सगळ्यात नीट वाच बे. टाइप रेटिंगचा (त्या विशिष्ट विमानासाठी लागणाऱ्या प्रशिक्षणाचा आणि मान्यतेचा) खर्च कंपनी करणार असेल तर बॉन्ड मागणं गैर नाही. पण रक्कम खऱ्या बिलाएवढीच हवी आणि दरमहा कमी होत जायला हवी: 15 लाख आणि 36 महिने असतील तर वर्षानं 10 लाख उरले पाहिजेत. तुझ्या कागदात शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण रक्कम आहे. 1872 च्या करार कायद्याचं कलम 74 वाजवी भरपाईच मान्य करतं, पण कोर्टात जायची वेळ कशाला आणायची, आत्ताच बदलून घे. मूळ लायसन्स आणि कोरे चेक मुळीच देऊ नकोस. सहामाही पीपीसीचा (वैमानिकाच्या कौशल्याच्या तपासणीचा) सिम्युलेटर खर्च कंपनीचा, हेही घाल.

मी पैशावर एवढा का अडून बसलोय सांगतो. खराब हवामानात मालक मागं बसून घाई करत असताना ‘आज जायचं नाही’ म्हणायची वेळ को-पायलटवरही येते. पगार अपुरा आणि डोक्यावर 15 लाखांचा बॉन्ड असलेला माणूस अशा वेळी गप्प बसतो. तुझं तसं होऊ नये.

बॉन्ड, नोटीस पिरियड आणि ड्यूटीची वेळ, ही तीन पानं फोटो काढून पाठव. त्यांचं बदललेलं उत्तर लेखी येईपर्यंत इन्स्ट्रक्टरची नोकरी सोडू नकोस. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
प्रकाश