‘ट्रॅक डे’ म्हणून विकलेल्या ब्रेक पॅडबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : प्यूजो 205 जीटीआय 1.9 या गाडीसाठी घेतलेले पुढचे ब्रेक पॅड निकामी निघाल्याबाबत आणि त्यावर आपण दिलेल्या उत्तराबाबत

महोदय,

माझ्या पहिल्या तक्रारीला आपल्या कार्यालयाचे उत्तर आले. ‘वाहन जुने असल्याने पॅडची जबाबदारी घेता येणार नाही’ आणि ‘ब्रेक ऑइल जुने असावे’, एवढ्यावर ते उरकले आहे. गाडी जुनी आहे हे मला कोणी सांगायला नको. 205 चे उत्पादन 1990 च्या दशकातच थांबले. पण तुमच्या खोक्यावर याच मॉडेलचे नाव छापले आहे, तेही 1.9 इंजिनाच्या उल्लेखासह. जुन्या गाडीसाठी माल बनवायचा, तिच्याच नावावर विकायचा आणि माल फसला की गाडीच्या वयाकडे बोट दाखवायचे, हा कुठला न्याय?

घडले ते असे. ट्रॅक डेला, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर स्वतःची गाडी चालवायच्या दिवशी, चौथ्या-पाचव्या फेरीपासून ब्रेक लागायला उशीर होऊ लागला. मी वेग कमी करून गाडी आत घ्यायच्या विचारात होतो. लांब सरळ पट्टा संपताना पाय दाबला, तर पेडल दगडासारखे घट्ट आणि गाडी काही थांबेना. वळणाबाहेरच्या खडीत रुतून ती थांबली. कोणाला इजा झाली नाही, समोर दुसरी गाडी नव्हती. पण याचे श्रेय तुमच्या पॅडला नाही.

‘ब्रेक ऑइल जुने असावे’ हा आपल्या उत्तरातला दुसरा तर्क. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडून खाली जाते. माझे पेडल कडक होते. म्हणजे दाब कॅलिपरपर्यंत (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागापर्यंत) पोचत होता, पण पॅडचा मसाला, म्हणजे घासणारा थर, चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला पकड देत नव्हता. शिवाय त्याच आठवड्यात सीलबंद डब्यातले डॉट 5.1 प्रतीचे ऑइल भरून चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढली होती. या प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 260 अंश सेल्सियस असावा लागतो. कॅलिपरवर चिकटवलेल्या तापमानपट्टीने 200 अंशही ओलांडले नव्हते.

आता डिस्कचे. कडेला मी तापमान दाखवणारे रंगाचे ठिपके दिले होते. 430 अंशांना बदलणारा हिरवा पांढरा पडला, 560 चा नारिंगी जसाच्या तसा राहिला. तुमच्या खोक्यावर ‘650 अंशांपर्यंत खात्रीशीर’ असे ठळक अक्षरांत लिहिले आहे. म्हणजे खात्रीची मर्यादा गाठायला बरेच अंश शिल्लक असतानाच खात्री संपली.

आणि हा ताप काही अवाजवी नव्हता. गाडी, चालक, पेट्रोल मिळून हजार किलो धरा. ताशी 160 वरून 80 वर यायचे तर साधारण 740 किलोज्यूल ऊर्जा घालवावी लागते. हवेचा रोध थोडा हातभार लावतो, बाकीची बहुतेक उष्णता पुढच्या दोन डिस्कवर येते, कारण ब्रेक दाबताच पुढच्या चाकांवर चालणाऱ्या अशा हलक्या गाडीचे वजन पुढे सरकते आणि मागच्या चाकांवर भार जवळपास उरत नाही. ट्रॅकवर हे प्रत्येक फेरीत घडते. ‘ट्रॅक डे’ असे छापणाऱ्याला हे ठाऊक असायलाच हवे.

घरी पॅड काढले तेव्हा खरा प्रकार कळला. डावीकडच्या आतल्या पॅडचा मसाला एका कोपऱ्यात पत्र्यापासून सुटला आहे. तिथे नख सहज आत जाते. उघड्या पडलेल्या पत्र्यावर गंज आहे, म्हणजे तिथे गोंदाने मुळात धरलेच नव्हते. एकाच खोक्यातल्या चार पॅडवर दोन वेगवेगळे बॅच क्रमांक आहेत. आणि कडेवर घर्षणाचा कोड आहे ‘ईई’. या कोडमधले पहिले अक्षर साध्या तापमानातले घर्षण सांगते, दुसरे तापल्यावरचे. ‘ई’ म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35. ही चाचणी इंचभर चौकोनी तुकड्यावर होते, तिच्यावरून पॅडची सगळी परीक्षा होत नाही, हे मला मान्य आहे. पण खोक्यावर तुम्ही 0.45 चा दावा केला आहे. एकाच वस्तूवर दोन आकडे, त्यातला खरा कोणता?

आपला प्रतिनिधी फोनवर मागच्या बीमबद्दल, म्हणजे मागची चाके ज्याला जोडलेली असतात त्या आडव्या भागाबद्दल, विचारत होता. या मॉडेलचा तो बीम बदनाम आहे खरा. आतली नीडल बेअरिंग गेली की मागची चाके वरून आत झुकतात. तो उघडून नव्या बेअरिंगसह बसवला आहे, पुढच्या कॅलिपरचे पिस्टन आणि रबर सील नवे आहेत, डिस्क नव्या आहेत, पॅड तुमच्याच पत्रकाप्रमाणे टप्प्याटप्प्याने तापवून बसवून घेतले होते. बिले सोबत आहेत. आणि पॅडचा मसाला सुटण्याशी बीमचा संबंध काय, हे त्यालाही सांगता आले नाही.

राहिले वॉरंटी कार्ड. बारीक अक्षरांत ‘स्पर्धात्मक वापरास लागू नाही’. ट्रॅक डेला शर्यत नसते, वेळ मोजून कोणाला क्रमांक देत नाहीत. तरीही तुम्हाला तो वापर स्पर्धेत धरायचा असेल, तर खोक्यावरचे ‘ट्रॅक डे’ पुसा.

माझ्या मागण्या अशा : पॅडची आणि खराब झालेल्या दोन्ही डिस्कची पूर्ण किंमत परत मिळावी. या दोन्ही बॅचचा चाचणी अहवाल लेखी मिळावा. आणि पैशांपेक्षा महत्त्वाचे म्हणजे, या बॅचची विक्री ताबडतोब थांबवून ज्यांनी हे पॅड घेतले त्यांना कळवावे. त्यातले काही जण येत्या सुट्टीत ट्रॅकवर जाणार असतील.

सुटलेला पॅड मी पाठवणार नाही. तो मोहोरबंद करून ठेवला आहे. तुमच्या तंत्रज्ञाने येऊन माझ्यासमोर पाहावा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास तोच पॅड घेऊन ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपला,
एक ग्राहक

सोबत : बिलाची प्रत; पॅड, डिस्क व खोका यांची छायाचित्रे; दुरुस्तीची बिले, आपल्या उत्तराची प्रत