माना बर्नच्या त्या एका पॉइंटबद्दल

प्रिय भावा,

तुझं नाव इथे लिहीत नाही. आधी विचारलं असतं तर "राहू द्या ओ अक्का, त्यात काय एवढं" म्हणाला असतास आणि हे पत्र तिथंच थांबलं असतं. पण त्यात खूप काही आहे. ते चार लोकांसमोर सांगायचं मी ठरवलंय.

आभार मानायचेत ते एका पॉइंटचे. त्या पहिल्या रविवारी तू पॉइंट मोजायचा तुझा वीस बाजूंचा फासा वीसवरून एकोणीसवर फिरवलास, त्या पॉइंटचे.

न खेळणाऱ्यांसाठी थोडं सांगावं लागेल. मॅजिक: द गॅदरिंग हा पत्त्यांचा खेळ १९९३ साली अमेरिकेत आला. रिचर्ड गारफील्ड या गणिताच्या माणसानं तो रचला आणि विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीनं बाजारात आणला. कंपनीला असा खेळ हवा होता की जो संमेलनांमध्ये दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात, पिशवीतून काढून पटकन मांडता येईल. म्हणजे मुळात तो रिकाम्या वेळात मजेसाठी खेळायचाच खेळ आहे. बक्षिसांच्या स्पर्धा मागून आल्या. रमीत किंवा मेंढीकोटात सगळ्यांचा मिळून एकच कॅट असतो, इथे तसं नाही. प्रत्येक जण स्वतःचा डेक बांधून आणतो, निदान साठ पत्त्यांचा. एकच कार्ड चारपेक्षा जास्त घालता येत नाही, अपवाद मुख्यतः साध्या लँडचा, म्हणजे जमिनीच्या कार्डांचा. मैदान, बेट, दलदल, डोंगर, जंगल अशा त्या पाच. लँड आडवी केली की माना, म्हणजे जादूची शक्ती, मिळतो, तो खर्चून प्राणी आणायचे, मंत्र टाकायचे आणि समोरच्याचे वीस पॉइंट संपवायचे. नियम इतके, पण गेल्या तीसेक वर्षांत निघालेली हजारो कार्डं त्यात भर घालतात. प्रत्येक कार्ड आपापला छोटा नियम घेऊन येतं, म्हणून दोन डाव कधी सारखे होत नाहीत.

मी हे शिकले पुण्यात, इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर, २००६-०७ च्या सुमाराला. रूममेटच्या मामेभावानं बाहेरून आणलेली खोकी होती. त्यात त्या वेळचे कार्डांचे सेट: 'रावनिका' होतं, 'टाइम स्पायरल' होतं, मग 'टेन्थ एडिशन' आलं. माझा डेक हिरवा, म्हणजे जंगलांच्या लँडवर चालणारा. पहिल्याच टर्नला लानोवार एल्व्ज, हा माना देणारा प्राणी, की पुढच्या टर्नला माझ्याकडे समोरच्यापेक्षा एक माना जास्त. कोणी त्यांना अडवायला आलं की जायंट ग्रोथ, म्हणजे तेवढ्या टर्नपुरती प्राण्याच्या अंगात तिनाची ताकद. त्या खेळात मी चांगली होते. हे आज मोकळेपणानं लिहिते, कारण मधली बरीच वर्षं हे कोणाला सांगण्यासारखं आहे असं मला वाटतच नव्हतं. मग नोकरी, लग्न, सोलापूर. पत्ते मिठाईच्या पत्र्याच्या डब्यात माळ्यावर गेले.

परत का खेळावंसं वाटलं, हे लोक फार विचारतात. काही दुःख झालं होतं का, एकटं वाटत होतं का, मुलगी शिकायला बाहेर गेली म्हणून का. यातलं काहीही नव्हतं. मला खेळायचं होतं. चाळिशीतल्या बाईच्या खेळण्याला आधी काहीतरी कारण सापडावं लागतं, याची मला चीड येते. कट्ट्यावर तासन्‌तास रमी खेळणाऱ्या पुरुषांना कोणी कारण विचारत नाही.

तुझ्याआधी जे भेटले त्यांच्याबद्दल लिहिते, नाहीतर तू काय केलंस ते कळायचं नाही.

कामानिमित्त एका मोठ्या शहरात गेले होते, तेव्हा डबा सोबत नेला. तिथल्या या खेळाच्या दुकानात काउंटरवरच्या माणसाचा पहिला प्रश्न होता, "मुलासाठी बघताय का?" माझ्यासाठी, म्हटल्यावर त्यानं माझी कार्डं भराभर चाळली आणि ही आता स्पर्धांना चालत नाहीत, हवं तर सगळी मिळून घेऊन टाकतो, असं सांगितलं. भाव रद्दीचा. मी स्पर्धेबद्दल विचारलंच नव्हतं. मागे एका टेबलावर डाव चालू होता. तिथे जाऊन बसू का विचारलं. एकानं आधी डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सगळे नियम बदललेत, आधी व्हिडिओ बघून या," म्हणाला आणि पत्ते पिसायला लागला. टेबलावर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या.

दुसरे एक गृहस्थ घरी आले होते, कार्डं विकत घ्यायला. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातानं डबा उपसणं चालू. तीन कार्डं अलगद बाजूला काढली आणि म्हणाले, "यांचं काही येत नाही, तुमचं ओझं कमी करतो." मी दिली नाहीत. त्यांचे खरे भाव पुढे तू दाखवलेस, आणि दाखवताना "विकू नका अक्का, खेळा" असंही म्हणालास. ते गृहस्थ घरचा चहा पिऊन गेले होते.

तू भेटलास सात रस्त्याच्या बाजूला, झेरॉक्सच्या दुकानात. तुझ्या हातात जाड कागदावर काढलेल्या रंगीत प्रती होत्या, अजून कापायच्या बाकी. वरच 'बर्ड्स ऑफ पॅराडाइज' दिसलं आणि मी ते नाव मोठ्यानं म्हटलं. तू वळून बघितलंस आणि विचारलंस, "अक्का, कुठला कलर खेळता?" मुलासाठी का, नाही. तुम्हाला कसं माहीत, नाही. थेट कुठला कलर. तुझ्यासाठी तो साधा प्रश्न होता. मी मात्र घरी जाईपर्यंत तोच घोळवत होते.

त्या प्रतींबद्दल तू लपवलं नाहीस. अधिकृत स्पर्धेत असल्या प्रॉक्सी चालत नाहीत आणि विकायच्या तर मुळीच नाहीत. पण घरच्या डावात ज्याला महागाचं कार्ड परवडत नाही त्यानं छापून खेळावं, हा तुमचा नियम. विडी घरकुलातून बस बदलत येणारा पोरगा आणि होटगी रोडवरून गाडीतून येणारा, दोघांचे डेक एकाच ताकदीचे. मला हे फार पटलं. बहुतेक वेळा तर तुम्ही पॉपरच खेळता, नुसत्या कॉमन, म्हणजे सहज मिळणाऱ्या, कार्डांचा प्रकार, त्यात छापायचीही गरज पडत नाही.

आता तो रविवार. अशोक चौकाच्या अंगाला तुमची वरची खोली, खाली टॉवेलचे माग. टेबलावर सोलापुरी चादर अंथरलेली, कार्डांच्या कडा घासू नयेत म्हणून. कार्डावरचा मजकूर इंग्रजीत, त्याचा अर्थ मराठीत, त्यावरचं भांडण दखनीत आणि पॉइंट मोजायचे तेलुगूत: ओकटी, रेंडू, मूडू. हे सगळं ऐकूनच मला निम्मं घरच्यासारखं वाटलं होतं. तरी हातातला डेक मी घट्ट धरून ठेवला होता. व्हिडिओ बघून या म्हणणारा तो मुलगा डोक्यातून गेला नव्हता.

तू माझ्यासमोर बसलास. कमांडर या प्रकाराचा शंभर पत्त्यांचा तुझा डेक पिशवीत ठेवलास आणि साध्या कॉमन कार्डांचा एक काढलास. तिसऱ्या की चौथ्या टर्नला तू रावनिकाच्या काळातली ती लँड आडवी केलीस, एकदम दोन माना देणारी. एक वापरलास, एक तसाच राहिला. आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "एक जळाला."

आमच्या वेळी तसंच होतं. काढलेला माना खर्च झाला नाही की तेवढे पॉइंट आपल्याच अंगावर यायचे. माना बर्न. म्हणून माना काढताना आम्ही हिशेब करायचो, आणि समोरच्याचा एकेक जळालेला पॉइंट मोजायला मजा यायची. तुझ्या शेजारचा पोरगा लगेच सुरू झाला, "नाही ओ अक्का, तसलं काही आता..." तू त्याच्याकडे बघितलंही नाहीस. फासा उचललास, वीसाचा एकोणीस केलास आणि म्हणालास, "बरोबर. जळाला की." मग बाकीच्यांना सांगितलंस, "आज अक्कांच्या नियमानं."

एवढंच. तू लगेच पुढचं कार्ड टाकलंस. त्याचा गाजावाजा केला नाहीस, माझ्याकडे बघून हसलाही नाहीस.

पुढे मी सकुरा-ट्राइब एल्डर हा प्राणी तुझ्या प्राण्याला अडवायला घातला, लढाईचा मार स्टॅकवर, म्हणजे अजून लागू व्हायच्या गोष्टींच्या रांगेत, ठेवला आणि मार लागायच्या आधी एल्डरचा बळी देऊन डेकमधून एक जंगल आणलं. एल्डर गेला, पण त्याचा मार तुझ्या प्राण्याला लागलाच. हॉस्टेलवर या चालीवर आम्ही जीव टाकायचो. आजच्या नियमांत ती होतच नाही. तुला ते माहीत होतं, तरी तुझा प्राणी तू मुकाट बाद ढिगात ठेवलास.

आणि डाव तू जिंकलास! हे मला सगळ्यांना मुद्दाम सांगायचंय. तू मला जिंकू दिलं नाहीस. माझ्या नियमांनी, माझ्या काळात येऊन, नीट विचार करून मला हरवलंस. मुद्दाम हरला असतास तर मला ते पहिल्या दोन चालींत कळलं असतं आणि मी पुन्हा त्या जिन्यात पाऊल ठेवलं नसतं.

चहा झाल्यावर तू बिलबुकाच्या मागच्या पानावर सगळं लिहून दिलंस. २००९ साली माना बर्न गेला. त्याच वेळी लढाईचा मार स्टॅकवर ठेवणं बंद झालं आणि खेळातून बाद झालेल्या कार्डांना एक्झाइल म्हणायला लागले. प्लेन्सवॉकर हा कार्डांचा नवा प्रकार २००७ च्या शेवटी आला, तो मी जेमतेम बघितला होता. हात वाईट आला तर आम्ही सातऐवजी सहा, मग पाच असे उचलत जायचो. २०१९ पासून दर वेळी सातच उचलायचे आणि जितक्यांदा हात बदलला तितकी कार्डं डेकच्या तळाशी घालायची. हा बदल मला फार आवडला, नुसत्या खराब पत्त्यांनी कोणाचा डाव बसत नाही. आणि शेवटी तू माझं एक जुनं आणि तुझं एक नवं कार्ड पालथं घालून शेजारी ठेवलंस. १९९३ पासून पाठ बदललेली नाही. "अक्का, तुमचा सगळा डबा चालतोय," म्हणालास. त्या दुकानात ही एक ओळ कोणी बोललं असतं तर मला वर्षभर आधी खेळता आलं असतं.

नियम बदललेत, हे तिथल्या त्या मुलाचं म्हणणंही खोटं नव्हतं. तू सांगितलंस तेही तेच. पण त्यानं ते मला दारात उभं करून सांगितलं आणि तू आधी माझ्याबरोबर एक डाव खेळलास, स्वतःचा पॉइंट देऊन. ज्याला जास्त येतं तो बहुतेक वेळा ते लगेच दाखवतो. ऑफिसात रोज बघते: नव्या मुलीला सिस्टीम समजावताना माऊस तिच्या हातातून काढून घेणारे पुष्कळ आहेत. तिच्या शेजारी बसून, तिला तिच्या वेगानं करू देणारे फार थोडे. सिव्हिल हॉस्पिटलच्या दारात एकदा बघितलं होतं. विजापूरकडून आलेले म्हातारा-म्हातारी कागद घेऊन गोंधळले होते. एका रिक्षावाल्यानं रिक्षा बाजूला लावली, कन्नडात त्यांना वॉर्ड सांगितला आणि सोबत आत गेला. भाडं मिळणार नव्हतं. ही माणसं या गावात आहेत म्हणून मला सोलापूर सोडावंसं वाटत नाही, उन्हाळा कितीही तापो. तू त्यांच्यातला आहेस. तू हे खेळात केलंस म्हणून ते लहान ठरत नाही.

आता मी नव्या नियमांनीच खेळते, तुला माहीतच आहे. स्पर्धा मला नकोत, सतत निघणाऱ्या नव्या सेटमागे धावणंही नको. रविवारची दुपार, चादर, आणि समोर कोणीतरी बसलेलं, एवढंच हवं होतं. ते तुमच्याकडे मिळालं.

एक काम कर. डब्यातल्या कॉमन कार्डांचे मी डेक बांधलेत: हिरवा, पांढरा, काळा आणि लाल. निळ्याला पुरेशी कार्डं निघाली नाहीत. हे तुमच्या खोलीत ठेव. नवीन कोणी आलं, किंवा माझ्यासारखं जुनं कोणी परत आलं आणि डेक नसला, तर देऊन टाक. परत मागायचे नाहीत. लाल डेकला डोंगर कमी पडताहेत, तुझ्या खोक्यातले चार घालशील. कार्डांना घालायच्या स्लीव्ह मी आणते.

तुझी,
अक्का