बाबा, माझं हे जेलमध्ये जाणं

धुळे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बोललो की आपलं दोघांचं डोकं तापतं, बाबा, आणि मग आई "पुरे आता" म्हणत फोन काढून घेते. म्हणून लिहितेय. कागदावर तरी तुम्ही मला मध्येच तोडणार नाही.

तुमचा राग मला कळतो. आपल्या विहिरीवरची मोटार चोरट्यांनी केबलसकट नेली, गहू ओंबीवर असताना पाणी तुटलं. आणि आता तुमचीच मुलगी मोटारचोरीच्या केसमधल्या पोराचं वकीलपत्र घेते, तेही फुकटात, विधी सेवा प्राधिकरणाकडून, आणि त्याला भेटायला जेलमध्ये जाते. आई तर म्हणाली, "तू वकील शेस का जेलर?" हसले मी, पण लागलं.

तुम्ही म्हणालात, विनोबा आणि साने गुरुजी याच धुळ्याच्या जेलात होते, पण ते राजबंदी. चोरांशी त्यांचा काय संबंध? १९३२ साली विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि गुरुजी उतरवून घ्यायचे, हे अमळनेरच्या माणसाला मी काय सांगू! पण राजबंदी वेगळे नि चोर वेगळे, हे तुम्ही धरून बसलात ना, तिथेच मला दादासाहेब मावळंकर आठवतात.

पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष म्हणून नाव तुम्हाला ठाऊक असेल. घराणं मूळचं संगमेश्वराकडच्या मावळंग्याचं, जन्म बडोद्याचा, १८८८ चा, आणि वकिली अहमदाबादेत. १९३७ मध्ये ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले तेव्हा चांगली चालती वकिली त्यांनी सोडून दिली. आपला पूर्व आणि पश्चिम खानदेशही त्याच विधानसभेत यायचा. फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पुढे महायुद्ध पेटलं, काँग्रेसची मंत्रिमंडळं बाहेर पडली, आणि सभागृहाचा हा अध्यक्ष आधी वैयक्तिक सत्याग्रहात आणि मग बेचाळीसमध्ये गजाआड गेला.

१९४२ ते ४४ या काळात आत असताना मावळंकर सत्याग्रह्यांच्या बराकीपुरते राहिले नाहीत. खून-दरोड्याची शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांत ते बसायचे, त्यांचं ऐकून घ्यायचे, सल्ला द्यायचे. त्या माणसांवर पुढे त्यांनी गुजरातीत पुस्तकही लिहिलं. बाबा, जामीन, अपील, काहीच हातात नसताना वकील कैद्याजवळ बसतो तो कशासाठी? कोर्टात आम्ही माणसाला कलमाच्या नावाने ओळखतो. "तीनशे तीनवाला आणा," म्हणजे चोरीच्या कलमाचा, असं मीही म्हणते.

बाकीचं तुम्हाला ठाऊक असेल, नाहीतर पेपरात वाचलं असेलच. जानेवारी १९४६ मध्ये केंद्रीय विधानसभेच्या अध्यक्षपदासाठी सर कावसजी जहांगीर यांच्याविरुद्ध ६६ विरुद्ध ६३ मतांनी ते निवडून आले. १९५२ ला लोकसभा. १९५४ मध्ये त्यांना काढून टाकण्याचा ठरावही आला होता, तो पडला. मला त्याहून त्यांची एक गोष्ट जास्त आवडते. अधिवेशन नसताना सरकार उठसूट अध्यादेश काढतं, ही पद्धत बरी नाही, असं त्यांनी नेहरूंना पत्र लिहून कळवलं होतं. स्वतःच्याच पक्षाच्या पंतप्रधानाला! चौकशीशिवाय आत टाकलं जाणं ज्याने सोसलंय त्याला ते सुचणारच, असा आपला माझा अंदाज.

आता माझ्या पोराबद्दल. नाव-गाव लिहीत नाही, साक्री तालुक्यातला आहे. मुलाखतीला आला की आधी आजूबाजूला बघतो, मग बनियनच्या आतून कोर्टाचा कागद काढतो. चार घड्या घातलेला, घामाने तारखेची शाई पसरलेली. त्यात काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नाही. जामीन दिवाळीआधीच मंजूर झालाय. आत बसलाय तो जामीनदार नाही म्हणून. त्याने मोटार चोरली का? चोरलीही असेल. मी विचारलेलं नाही. नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम ४७९ आहे: पहिलाच गुन्हा आणि एकच केस असली, तर कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा तिसरा हिस्सा आत काढला की त्याला बंधपत्रावर सोडायचं. चोरीला कमाल तीन वर्षं, म्हणजे एक वर्ष. पण ज्याला जामीन मिळालाय त्याने वर्ष का काढायचं?

आपली मोटार त्याने नेली नाही, तेव्हा तो सुरतेला ऊसतोडीला गेला होता. पण समजा नेली असती, तरी मी हेच केलं असतं. तुम्हाला नाही आवडणार, तरी सांगून ठेवते.

आणि तुमच्याकडे एक काम आहे. त्याची आई जामीनदार व्हायला तयार आहे. तहसीलला ऐपतीच्या दाखल्यासाठी हेलपाटे घालतेय, पण सातबाऱ्यावर अजून सासऱ्याचंच नाव. सासरा वारला तेव्हा मृत्यूची नोंदच कुणी केली नाही, त्यामुळे वारस नोंद अडलीय. तुम्ही तलाठी असताना अशी प्रकरणं किती निस्तरली असतील. अर्ज आधी कुणाकडे द्यायचा, सोबत काय जोडायचं, ते लिहून कळवा. फोनवर सांगू नका, मला टिपून घेता येत नाही, आणि तुम्ही पुन्हा चिडाल.

आई, कळण्याचं पीठ संपलंय. कुणी येणार असेल तर पाठव.

तुमची,
बेबी